‘आय-सेव्हन’ म्हणजे भारी पीसी?

“आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, डोळे झाकून घ्या,” असं सांगत तयार गेमिंग पीसी वर्षानुवर्षं विकले जाताहेत. डोळे उघडेच ठेवा. आय-सेव्हन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे पीसीच्या मेंदूचं, घराणं. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. २०११ चा आय-सेव्हन २६०० आणि २०२२ चा आय-थ्री १२१००, दोघेही चार कोअरचे, म्हणजे आत काम करणारे चार-चार भाग असलेले. पण हा धाकटा त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. शिवाय जुन्याला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबाच नाही.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. जीटी ७३० आणि जीटीएक्स १६५०, दोन्ही ४ जीबी मेमरीत मिळतात; पहिलं मात्र आजच्या गेमिंगला जवळपास निरुपयोगी. पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, कोणत्या कंपनीचा विचारल्यावर दुकानदार रंगीत लाइट दाखवू लागला, की मी तिथून निघतो.