वासरांचे दूध तोडताना: नाकपाटी आणि कुंपण वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

मांसोत्पादनासाठी पाळलेल्या कळपात वासरू जन्मापासून आईबरोबर चरते आणि हवे तेव्हा पिते. बादलीची, माणसाच्या हाताची त्याला सवय नसते. अशा वासराचे दूध तोडायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी सगळे एकाच दिवशी उरकले जाते. दूध बंद होते, आई दिसेनाशी होते, कुरण बदलते, गव्हाणीत कधी न खाल्लेला खुराक पडतो आणि खोड्यात, म्हणजे जनावर पक्के धरण्याच्या चौकटीत, घातलेच आहे म्हणून लसही टोचली जाते. यातले एकेक वासराला सोसते. सगळे एकदम आले की ते खाणे सोडते आणि आठवड्याभरात खोकू लागते. म्हणून आमचे साहित्य नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आग्रहाने सांगतो: आधी दूध तोडा, आई नंतर. बाकीची कामे त्याच्या बरीच आधी संपवा.

कधी तोडावे

नेहमीचे वय 6 ते 8 महिने. व्यायल्यानंतर साधारण दुसऱ्या महिन्यात गाईचे दूध सर्वात जास्त असते, पुढे ते उतरत जाते. वासरू चार महिन्यांचे झाले की त्याची निम्मी किंवा त्याहून जास्त गरज चाऱ्यावर भागू लागते, कारण तोवर त्याचे रवंथ करणारे पोट कामाला लागलेले असते. सहाव्या महिन्यात दूध तोडले तर पोटाचे नुकसान होत नाही. त्रास होतो तो आई सुटण्याचा.

नेमकी तारीख मात्र गाईच्या अंगाकडे पाहून ठरवा. शरीरस्थितीचे 1 ते 9 असे गुण धरले तर 5 गुणांच्या गाईच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, दाबल्यावर हाताला लागतात. शेवटच्या दोन बरगड्या लांबून दिसू लागल्या की ती 4 वर आली, आणि तेव्हा थांबण्यात अर्थ नाही. मोठ्या गाईचा एक गुण म्हणजे जवळपास 35 ते 40 किलो वजन. पीत असलेले वासरू अंगाखाली ठेवून ते परत चढवायला फार खुराक लागतो. तीच गाय आटली की साध्या कुरणावरही भरून येते, कारण गर्भाच्या मधल्या महिन्यांत तिची गरज सर्वात कमी असते. पहिलटकरू गाई स्वतःच अजून वाढत असतात, म्हणून त्यांची वासरे इतरांच्या 4 ते 6 आठवडे आधी तोडावीत.

चारा फारच कमी असेल तर 3 ते 5 महिन्यांच्या वासरांचेही दूध तोडता येते. मात्र त्यांना 16 ते 18 टक्के प्रथिनांचा, चवीचा आणि धूळ नसलेला खुराक रोज द्यावाच लागतो. नुसत्या वाळल्या गवतावर इतके लहान वासरू पोट सुटून खुरटते. तीन महिन्यांच्या आत तोडण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

आधीची कामे

खच्चीकरण आणि शिंगकळ्या काढणे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच करावे. राहून गेले असेल तर दूध तोडण्याच्या किमान 3 ते 4 आठवडे आधी करा. तेही जमले नाही, तर वासरे खाण्यावर स्थिरावून महिना होऊ द्या.

लसी आपल्या भागातल्या रोगांप्रमाणे पशुवैद्य ठरवतील. फऱ्या आणि श्वसनाचे रोग बहुतेक यादीत असतात. पहिला डोस 3 ते 4 आठवडे आधी द्या, म्हणजे ताण येतो तेव्हा अंगात प्रतिकारशक्ती तयार असते. तोडण्याच्या दिवशीच टोचलेली लस त्या आठवड्यात उपयोगी पडत नाही. जंताचे औषधही याच वेळी, वजन करून द्या. अंदाजाने दिलेला डोस बहुधा कमी पडतो.

याच तीन आठवड्यांत गव्हाणीची ओळख करून द्या. ज्या फटीतून फक्त वासरू आत जाईल अशा आडोशात, 40 ते 45 सेंटिमीटर रुंदीची वाट ठेवून, थोडा खुराक मांडा. गाईंनाही शेजारी थोडे घाला, कारण वासरू आईचे पाहून खायला शिकते. ज्यांनी गव्हाण आधी पाहिली आहे, ती दूध तुटल्यावर पहिल्याच दिवशी तोंड घालतात.

नाकपाटी लावणे

नाकपाटी नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर अडकते, भोक पाडावे लागत नाही. वासराला चरता येते, पाणी पिता येते. आचळ तोंडात घ्यायला गेले की पाटी आडवी येते. आई शेजारीच असते, चाटते, म्हणून वासरू फारसे हंबरत नाही.

1. वासराला खोड्यात घेऊन डोके पक्के धरा. सैल धरलेल्या डोक्याला पाटी लावताना नाकाला इजा होते.
2. पाटी आडवी करून तिच्या टोकाचा एक गोळा एका नाकपुडीत घाला, मग पाटी फिरवत दुसरा गोळा दुसऱ्या नाकपुडीत सरकवा. जोर लावावा लागला तर दिशा चुकली आहे असे समजा.
3. हाताने हलवून पाहा. ती मोकळी झुलली पाहिजे. पडद्यावर दाब पडत असेल तर त्या वासराला लहान आकाराची पाटी चालणार नाही.
4. वासराला ताबडतोब आईजवळ सोडा आणि त्याच दिवशी पाण्याजवळ थांबून पाहा. अरुंद तोंडाच्या किंवा चेंडू दाबून पाणी घेण्याच्या टाकीवर पाटी अडते. उघडा हौद हवा.

पाटी 4 ते 7 दिवस ठेवायची. चार दिवसांच्या आत काढली तर वासरू पुन्हा पिऊ लागते. आठवड्यापेक्षा जास्त राहिली तर नाक सोलवटते, आणि काही वासरे मान वाकडी करून पाटीच्या बाजूने पिण्याची युक्ती शिकतात. काही पाट्या गळून पडतातच, म्हणून रोज मोजा आणि ज्याची पडली त्याला त्याच दिवशी पुन्हा लावा. ठरलेल्या दिवशी पाट्या काढा आणि तेव्हाच गाईंना वेगळे करा. आधी दूध आणि मग आई असे दोन टप्पे केलेल्या वासरांवर कॅनडात झालेले संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. एकदम तोडलेल्या वासरांपेक्षा ती जवळपास 97 टक्के कमी हंबरली आणि सुमारे 79 टक्के कमी भटकली. न भटकलेले वासरू तोच वेळ खाण्यात आणि बसण्यात घालवते.

पाटीसाठी प्रत्येक वासरू दोनदा खोड्यात यावे लागते. तुमच्याकडे खोडा नसेल, किंवा वासरे माणसाला बुजत असतील, तर पाट्या घेऊ नका. कुंपणाची पद्धत तुम्हाला अधिक सोयीची पडेल.

कुंपणापलीकडे आई

इथे दोघांमध्ये फक्त कुंपण असते. एकमेकांना पाहता येते, हुंगता येते, पिता येत नाही. वासरांना त्यांच्या ओळखीच्या कुरणातच ठेवा आणि गाईंना पलीकडे न्या. उलटे केले तर वासरू आईबरोबर जागाही हरवते आणि कडेकडेने फिरत राहते.

कुंपण जाळीचे असावे, किंवा पाच तारांचे आणि त्यांत किमान एक विजेची. तारांमधून पिण्याइतकी फट राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. विजेच्या तारेची ओळख आधीच झालेली हवी, नाहीतर घाबरलेले वासरू ती तोडून जाते. गव्हाण कुंपणाला काटकोनात ठेवा. कडेने फिरणारे वासरू तिला धडकते आणि थांबते. पाण्याच्या टाकीचेही तसेच. पहिले दोन दिवस टाकी थोडी वाहती ठेवली तर आवाजाने वासरे पाणी शोधतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हंबरणे ओसरते. सात दिवसांनी गाईंना दूर न्या. कॅलिफोर्नियातल्या 2003 च्या अभ्यासात कुंपणाशी ठेवलेल्या वासरांचे वजन पूर्ण वेगळ्या केलेल्या वासरांपेक्षा पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास दुप्पट वाढले, आणि दहा आठवड्यांनंतरही फरक भरून निघाला नव्हता.

कोणतीही पद्धत असो, पुढचे तीन-चार दिवस कोरडे आणि फार उष्ण-थंड नसतील असे पाहून सुरुवात करा. धूळ उडणाऱ्या आवारात पाणी शिंपडा. धूळ आणि दिवस-रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत फुप्फुसाच्या आजाराला वाट करून देतात.

पहिले दोन आठवडे खायला काय

पहिल्या आठवड्यात वासरू वजनाच्या 1 ते 1.5 टक्केच कोरडा चारा खाते, म्हणजे 200 किलोचे वासरू 2 ते 3 किलो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते 5 किलोच्या पुढे जाते. कमी खाते म्हणून जास्त खुराक ओतणे ही सर्वात महागात पडणारी चूक. भुकेले वासरू एका दमात धान्य खाते, पोटात आम्ल वाढते, पातळ हगवण लागते आणि खाणे पुन्हा बंद होते.

चांगले, लांब काड्यांचे गवत पुढ्यात कायम असू द्या. त्यावर 14 ते 16 टक्के प्रथिनांचा खुराक पहिल्या दिवशी वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे 200 किलोला 1 किलो. गव्हाण साफ होत असेल आणि शेण घट्ट असेल तरच दर दोन दिवसांनी पाव किलो वाढवा. गव्हाणीवर प्रत्येक वासराला 45 सेंटिमीटर जागा द्या, म्हणजे दुबळी वासरे मागे राहत नाहीत. पाणी हवामानाप्रमाणे दिवसाला 15 ते 30 लिटर लागते.

आजार लवकर ओळखणे

श्वसनाचे आजार बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात उठतात. सकाळी खुराक घालण्याआधी वासरांतून हळू चाला. जे उशिरा उठते, कान पाडून बाजूला राहते, ज्याची डावी कूस खोल गेलेली असते, त्याला वेगळे घ्या. कूस खोल म्हणजे कालपासून खाल्लेले नाही. खोकला आणि नाकातला घट्ट शेंबूड नंतर दिसतो, त्याची वाट पाहू नका. सकाळच्या थंड वेळी ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. शेणात रक्त दिसले तर रक्ती हगवणीची शंका घ्या. ही आवारातल्या ओल्या शेणातून पसरते, म्हणून गवत जमिनीवर टाकू नका.

गाईंकडेही पाहा

कास दोन-तीन दिवस ताठ भरते. काढून मोकळी करू नका. आतला दाबच दूध थांबवतो, आणि एकदा काढले की आटणे लांबते. त्या आठवड्यात गाईंचा खुराक बंद ठेवून साधे गवत द्या. पाचव्या दिवशी एखादे आचळ तापलेले, लाल किंवा दुखरे असेल तर कासदाहाची तपासणी करून घ्या. गाई हाताशी असतातच, म्हणून गाभण आहेत की नाहीत तेही याच वेळी तपासा. वासरे आणि आया किमान 6 आठवडे एकत्र येऊ देऊ नका, नाहीतर काही पुन्हा पिऊ लागतात.

वजनाची तुलना

वासरांची वये वेगवेगळी असतात, म्हणून वजन 205 दिवसांवर आणून तुलना करा. तोडतानाच्या वजनातून जन्माचे वजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, 205 ने गुणा आणि जन्माचे वजन मिळवा. जन्माचे 34 किलो आणि 220 व्या दिवशी 216 किलो असेल तर उत्तर सुमारे 204 किलो येते. पहिलटकरूंची वासरे हलकीच असतात, त्यांना मोठ्या गाईंच्या वासरांशी थेट तोलू नका.

विक्रीसाठी वासरे हलवायची असतील तर दूध तोडल्यापासून 45 दिवस जाऊ द्या. तोवर ती गव्हाणीवर रुळतात आणि आजारपणाचा काळ मागे पडतो.

पाट्यांची निगा

काढलेल्या पाट्या आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग जंतुनाशकात बुडवून सावलीत वाळवा. शेंबूड वाळलेला असताना जंतुनाशक आत पोचत नाही. उन्हात पडलेले प्लास्टिक कडक होते, म्हणून बंद डब्यात ठेवा. गोळ्याला चीर गेलेली किंवा कड खरखरीत झालेली पाटी पुन्हा वापरू नका.