छतावरील सौर प्रकल्पासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि ग्रामपंचायत-नगरपरिषदेने करावयाची कामे

घरगुती ग्राहकाने आपल्या छतावर वीज तयार करावी यासाठी केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू केली. देशातील एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट आहे, तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झालेली आहे आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तीन किलोवॉटचा प्रकल्प दिवसाला सरासरी बारा युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे चार हजार युनिट वीज देतो. आपल्या ग्रिडमधील (सार्वजनिक वीजजाळ्यातील) वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा हिशेब धरला तर असे एक छत वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास उत्सर्जन टाळते. अर्जाची प्रक्रिया अवघड नाही. मात्र बहुतेक अर्ज पात्रतेवर अडत नाहीत, ते वीजबिलावरचे नाव, मंजूर भार (जोडणीसाठी कंपनीने मान्य केलेली कमाल वीजक्षमता) आणि छताचा हक्क या तीन गोष्टींवर अडतात. म्हणून पुरवठादार शोधण्याआधी या तीन गोष्टी नीट करून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

पात्रता

अर्जदार भारतीय नागरिक असावा, प्रकल्प बसवता येईल असे छत त्याच्याकडे असावे, घराला अधिकृत वीजजोडणी असावी आणि त्या कुटुंबाने सौर पॅनेलसाठी यापूर्वी अन्य कोणतेही सरकारी अनुदान घेतलेले नसावे. भाडेकरूलाही ही वाट पूर्णपणे बंद नाही. वीजजोडणी त्याच्या नावावर असेल, बिल तो नियमित भरत असेल आणि छत वापरण्यास घरमालकाची लेखी परवानगी असेल तर तो अर्ज करू शकतो. एक किलोवॉटसाठी साधारण दहा चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, शेजारची उंच इमारत, कोकणात तर दारातला माड, यांची सावली दुपारी कुठे पडते हे स्वतः छतावर जाऊन पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या लांबतात, हेही त्या वेळी लक्षात घ्यावे.

किती क्षमतेचा प्रकल्प घ्यावा, याचे उत्तर मागच्या बारा महिन्यांच्या बिलांमध्ये असते. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असल्यास एक ते दोन किलोवॉट, १५० ते ३०० युनिट असल्यास दोन ते तीन किलोवॉट आणि त्याहून अधिक वापर असल्यास तीन किलोवॉटपेक्षा मोठा प्रकल्प, असे योजनेचे मार्गदर्शन आहे. परंतु हा आकडा ठरवण्यापूर्वी घरातला अनावश्यक वापर आधी कमी करावा, कारण वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घेण्यात शहाणपण नाही. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा) पंखा तेवढाच वारा तीस-पस्तीस वॉटमध्ये देतो. ऊर्जाबचतीचे तारे मिळालेली वातानुकूलन यंत्रे १ जानेवारी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावून विकली जातात, त्याचे कारणही हेच आहे की प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. चार पंखे बदलल्याने एखाद्या घराला तीनऐवजी दोन किलोवॉटच पुरतील, असे सहज घडू शकते.

अनुदानाचा हिशेब

पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान आहे. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोन किलोवॉटना ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटना कमाल ७८,००० रुपये मिळतात. हे अनुदान आगाऊ मिळत नाही. प्रकल्प उभा राहून तपासणी झाल्यावर ते थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीची रक्कम स्वतः उभी करावी लागते किंवा कर्ज घ्यावे लागते. तीन किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पासाठी सार्वजनिक क्षेत्रातील बँका दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देतात आणि त्याचा व्याजदर रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला असतो.

महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या महावितरणच्या ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही पूरक योजना आणली. एक किलोवॉटच्या प्रकल्पाचा खर्च सुमारे ५०,००० रुपये धरून केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य आपला वाटा देते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींतील ग्राहकाला १५,००० रुपये आणि सर्वसाधारण गटातील ग्राहकाला १०,००० रुपये असा हा वाटा आहे. त्यामुळे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला स्वतःचे केवळ अडीच हजार रुपये घालावे लागतात. ज्या घरात अडीच हजारांचीही जुळवाजुळव करावी लागते, तिथपर्यंत ही माहिती पोहोचवणे हे ग्रामपंचायतीचे पहिले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रे

गेल्या सहा महिन्यांतील वीजबिल, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, छताच्या मालकीचा पुरावा, छताचे छायाचित्र आणि बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश ही मुख्य कागदपत्रे आहेत. मालकीसाठी गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, तर शहरात मिळकत पत्रिका, इंडेक्स टू (नोंदणीकृत खरेदीदस्ताचा उतारा) किंवा मालमत्ता कराची पावती सादर करता येते.

खरी अडचण नावाची आहे. वीजजोडणी निधन पावलेल्या आजोबांच्या नावावर, घराचा उतारा वडिलांच्या नावावर आणि बँक खाते मुलाचे, अशी घरे गावोगावी आहेत. ही जोडणी तशीच ठेवून अर्ज केल्यास अनुदानाच्या टप्प्यावर तो अडकतो आणि तोपर्यंत अर्जदाराचे पैसे खर्च झालेले असतात. म्हणून मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि मिळकतीचा उतारा जोडून वीजजोडणीवरील नाव आधी बदलून घ्यावे. बिलावर, आधार कार्डावर आणि बँक खात्यावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावे. दुसरी गोष्ट मंजूर भाराची. तो बिलावर छापलेला असतो आणि प्रकल्पाची क्षमता त्याहून अधिक चालत नाही. बिलावर एक किलोवॉट मंजूर भार असताना तीन किलोवॉटचा प्रकल्प हवा असेल, तर भारवाढ लागते; २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांसाठी ती वीज कंपनीनेच करायची आहे, ती झाली ना हे पाहावे. थकबाकी असल्यास ती अर्जापूर्वी भरून टाकावी.

अर्जाचा क्रम

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य आणि वीज कंपनी निवडून, बिलावरील ग्राहक क्रमांक व मोबाइल क्रमांक टाकून नोंदणी करावी लागते. आपल्या राज्यात बहुतेकांसाठी ही कंपनी महावितरण असेल, तर मुंबईत ती बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असू शकते. नोंदणीनंतर अर्ज भरला की तो तांत्रिक व्यवहार्यतेच्या मंजुरीसाठी वीज कंपनीकडे जातो. २०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना वेगळ्या व्यवहार्यता अभ्यासाची गरज उरलेली नाही आणि ते मान्य झाल्याचे मानले जाते. या एका बदलाने कार्यालयातल्या खेपा बऱ्याच कमी केल्या आहेत.

यानंतर पोर्टलवरील नोंदणीकृत पुरवठादारांमधूनच एकाची निवड करावी, कारण बाहेरच्याकडून काम करून घेतल्यास अनुदान मिळत नाही. पॅनेल भारतात बनवलेले आणि त्यातील सौर घटही भारतीय बनावटीचे असणे ही अनुदानाची अट आहे. कोणी स्वस्तातले पॅनेल देऊ करत असेल तर ते या अटीत बसते का, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. किमान दोन-तीन कोटेशन मागवावीत, पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी करारात स्पष्ट असावी आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (ग्रिडला दिलेली व ग्रिडमधून घेतलेली वीज मोजणारा मीटर) बसेपर्यंत हातात राखून ठेवावा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पॅनेलच्या सांगाड्याची चौकशी सर्वांत बारकाईने करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील छपरांचे काय केले, हे तिथल्या माणसांना सांगायला नको.

प्रकल्प उभा राहिल्यावर त्याचा तपशील पोर्टलवर भरून नेट मीटरसाठी मागणी केली जाते. वीज कंपनी तपासणी करून मीटर बसवते आणि पोर्टलवर कार्यान्वयनाचे प्रमाणपत्र तयार होते. त्यानंतर बँकेचा तपशील व रद्द केलेला धनादेश जोडला की साधारण ३० दिवसांत अनुदान जमा होणे अपेक्षित आहे. नेट मीटर दिवसा ग्रिडला दिलेली आणि रात्री ग्रिडमधून घेतलेली वीज यांची वजावट करतो. महिन्याला उरलेली युनिटे पुढच्या बिलात जातात आणि आर्थिक वर्षाअखेरीस जी शिल्लक राहते ती वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी विकत घेते. एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. बॅटरी नसलेला ग्रिडशी जोडलेला प्रकल्प भारनियमनात घराला वीज देत नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ग्रिड बंद होताच इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) स्वतःहून थांबतो आणि ते योग्यच आहे.

गृहनिर्माण संस्थांसाठी

लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी संस्थेला प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान मिळते. त्याची मर्यादा प्रति घर तीन किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट आहे. चाळीस सदनिकांच्या संस्थेने २० किलोवॉटचा प्रकल्प घेतल्यास ३,६०,००० रुपये मिळतील. गच्ची सर्वांची असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यात क्षमता, खर्च आणि सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचे नाव, हे सर्व नोंदलेले असणे आवश्यक आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी काय करावे

आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती प्रकल्पामागे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला १,००० रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद याच योजनेत आहे. याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौर ग्राम निवडले जाते. पाच हजारांहून अधिक लोकसंख्येची महसुली गावे या स्पर्धेत उतरतात, सहा महिन्यांत अपारंपरिक ऊर्जेची सर्वाधिक क्षमता उभारणारे गाव विजयी ठरते आणि त्याला एक कोटी रुपयांचे केंद्रीय अर्थसाहाय्य मिळते. लहान गावांनी मात्र स्पर्धेची वाट पाहू नये. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी ही शंभरेक घरांची वस्ती २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली आणि तिथे घरांबरोबर सार्वजनिक वापराची वीजही सूर्यावर आली. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात स्थानिक स्वराज्य संस्थांना भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गुण दिले जातात. अग्नी या तत्त्वाखाली सौर ऊर्जा आणि एलईडी दिव्यांची कामे मोजली जातात, त्यामुळे हे श्रम दोन्हीकडे उपयोगी पडतात. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक उपाय करणाऱ्या मिळकतीला करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक उपाय करणाऱ्यास १० टक्के सवलत देत आली आहे. तिचा अर्ज मिळकतकर विभागाकडे वेगळा करावा लागतो, तो आपोआप होत नाही.

ग्रामसभेने या विषयावर ठराव करताना केवळ 'योजनेचा प्रसार करावा' असे लिहून थांबू नये. वीजजोडणीवरील नाव बदलायचे आहे अशा घरांची यादी, नमुना ८ चे उतारे एकाच दिवशी देण्याचे शिबिर, त्या दिवशी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयातील कर्मचाऱ्याची उपस्थिती, आणि पाणीपुरवठ्याचा पंप व पथदिवे यांच्या मागच्या बारा महिन्यांच्या बिलांचे वाचन, हे चारही विषय तारखेसह त्या ठरावात असावेत.