लक्षद्वीप : गोड्या पाण्याच्या उपशावरील निर्बंधांची पार्श्वभूमी

नारळीच्या वाड्यांतल्या उघड्या विहिरी आणि मशिदींलगतची तळी यांवर ही बेटे पिढ्यान्पिढ्या जगली. नदी-ओढा इथे नाहीच. पोहऱ्याने पाणी निघत होते तोवर नियमांची निकड नव्हती. वीज आली, घरोघरी मोटर बसली आणि चित्र पालटले.

खरा गुंता फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने झाला. भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत भूजल उपशाला बंदी. 200 ते 500 मीटरांत परवानगी, पण साध्या विहिरीतून, हातानेच, आणि पिणे, शेती, बागायत, मासेमारी एवढ्यासाठीच. कोकणात 500 मीटर आत गेले की हा नियम संपतो. अगत्ती बेट मात्र सर्वांत रुंद जागीही साधारण किलोमीटरभर. दोन्ही किनाऱ्यांवरून माप धरले की नियमाबाहेरची जमीन उरतच नाही. म्हणजे परसातली मोटर कागदोपत्री बेकायदा ठरली.

हेतू चुकीचा होता असे नाही. प्रवाळी वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते; समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडे पाणी असेल, तर ढोबळ सिद्धांतानुसार खाली सुमारे 40 मीटर असते. म्हणून वरची पातळी वीतभर उतरली तरी खालचे खारे पाणी कित्येक मीटर वर येऊ शकते. पण मग मोजायला हवा होता उपशाचा वेग आणि विहिरीची खोली. मोजले गेले ते किनाऱ्यापासूनचे अंतर.

जानेवारी 2011 मध्ये बेटांसाठी वेगळी अधिसूचना निघाली. त्याच वेळच्या किनारा-नियमांत स्थानिक वस्तीला स्वतःच्या वापरापुरती सूट होती. ती वीस वर्षे उशिरा आली, एवढेच. त्यानंतर वादाचा रोख घरांवरून रिसॉर्टांकडे वळला, तो योग्यच.

दरम्यान 2005 मध्ये कवरत्तीत समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला होता : पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचे, खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. क्षमता रोज 1 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेतली कवरत्तीची लोकसंख्या 11 हजारांवर, म्हणजे माणशी जेमतेम 9 लिटर. पिण्या-रांधण्यापुरते. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि जानेवारी 2024 मध्ये कदमतला (रोज दीड लाख लिटर) असेच प्रकल्प आले. विजेसाठी लागणारे डिझेल जहाजानेच येते, त्यामुळे हे पाणी स्वस्त नाही. पर्यटन वाढवण्याच्या आताच्या आराखड्यांत या पाण्यातला घरांचा वाटा आधी ठरायला हवा, खोल्यांची संख्या नंतर.