भूतकाळातला न बोलला जाणारा ‘ई’: पार्श्वभूमी

इंग्रजीच्या साध्या भूतकाळात क्रियापदाला ईडी लागते (बातम्यांतली नव्हे), हे शाळकरी पोरही सांगेल. कानाला मात्र ‘वॉक्ट’, ‘प्लेड’ आणि ‘वाँटिड’ असे तीन वेगळे शेवट ऐकू येतात. लिहायचं तिन्हीकडे एकच. याचं कारण व्याकरणात कमी आणि छापखान्यात जास्त सापडतं.

जुन्या इंग्रजीत दोन रीती होत्या. एक तर ‘सिंग-सँग’सारखा आतला स्वर बदलायचा, नाहीतर शेवटी द-त प्रत्यय जोडायचा. फ्रेंचमधून आलेली क्रियापदं जवळपास सगळी दुसऱ्या वाटेने गेली, आणि काही जुनीही तिकडे वळली. ‘हेल्प’चं ‘होल्प’ असंच मागे पडलं. ‘गो’ला तर ‘वेंड’चा भूतकाळ ‘वेंट’ येऊन चिकटला. प्रश्नात आणि नकारात ‘डिड’ घालणं पंधराव्या-सोळाव्या शतकांत वाढलं आणि अठराव्यापर्यंत पक्कं झालं.

खरी ओढाताण झाली ती प्रत्ययातल्या ‘ई’वरून. मध्ययुगात तो स्वर स्पष्ट बोलला जाई. पुढे ‘वाँट’सारखी टी-डीने संपणारी क्रियापदं सोडली, तर बोलण्यातून तो गळला. सोळाव्या-सतराव्या शतकांतले कवी वृत्ताच्या सोयीने कधी तो ठेवत, कधी गिळत. गद्य लिहिणारे कुणी सरळ टी लावत, कुणी ‘ई’च्या जागी अपॉस्ट्रॉफी देत. १७१२ साली एका नामवंत उपहासकाराने जाहीर पत्र लिहून या काटछाटीवर झोड उठवली. अशाने व्यंजनं एकमेकांवर आदळतात आणि भाषा कर्कश होते, असा त्याचा सूर होता. लोकांनी बोलणं बदललं नाही. पण त्या शतकाअखेरीस गद्याच्या छपाईत पूर्ण ईडी प्रतिष्ठित झाली. न उच्चारलेला स्वर कागदावर कायम राहिला तो असा. ‘ब्लेसिड’, ‘लर्निड’ अशा मोजक्या विशेषणांतही तो अजून ऐकू येतो.

१९०६ साली अमेरिकेत हे निस्तरायची संधी आली होती. एका पोलादसम्राटाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंडळाने ३०० शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं सुचवली. त्यात ‘किस्ट’, ‘ड्रॉप्ट’, ‘स्टेप्ट’ अशी टीने संपणारी रूपं होती. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी छापखान्याला ती वापरायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने रूढ स्पेलिंगांच्या बाजूने ठराव केला आणि हुकूम मागे गेला. टीची ही रूपं नवी नव्हती, इंग्लंडमधल्या कवींनी ती आधीच वापरली होती. टिंगल करणाऱ्यांनी एवढं तरी पाहायला हवं होतं.

गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत आज ‘बर्न’, ‘लर्न’ यांनाही सर्रास ईडी लागते, आणि टीची रूपं टिकली आहेत ती ब्रिटनमध्ये. आपल्या शाळांचं वळण ब्रिटिश, त्यामुळे ‘लर्न्ट’ लिहिलं तरी गुण मिळतात. ‘वॉक’ची ईडी मात्र वर्गात अजून ‘वॉक्ड’ अशीच, ठणठणीत ‘ड’ लावून वाचली जाते.