डब्यात गोष्टीचं एक पान
(कप्प्यांचा डबा आणि साचे घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

तुम्ही घेतलेल्या संचात कप्प्यांचा स्टीलचा डबा आणि पाच छोटे साचे आहेत. डबा कसा उघडायचा ते सांगायला पत्रक लागत नाही. पण मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून डबा कसा भरायचा, तोही सकाळच्या घाईत, आणि तो रिकामा होऊन परत कसा येईल, यावर चार शब्द सांगण्यासारखे आहेत.

सुरुवातीला आम्हीही गोष्टीतल्या नायकाच्याच मागे लागलो होतो. पुस्तकातलं अस्वल भातातून हुबेहूब उभं करायचं, असा हट्ट. जपानमध्ये अशा डब्यांना क्याराबेन म्हणतात आणि तिथल्या पालकांचं काम पाहून थक्क व्हायला होतं. आमच्या पहिल्या अस्वलाचा डोळा मात्र दुपारपर्यंत घसरून गालावर आला. दुसरं इतकं छान जमलं की ते जसंच्या तसं घरी परत आलं. ‘त्याला कसं खाऊ?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: नायकाला पुस्तकातच राहू द्या. त्याची होडी, त्याची छत्री, त्याचं घर, त्याच्या खिडकीतला चंद्र डब्यात आणा. चंद्र थोडा वाकडा झाला तरी चंद्रच दिसतो, आणि तो खाताना कुणाचा जीव तुटत नाही.

पान मुलाला निवडू द्या

चित्रांची पुष्कळ पुस्तकं ३२ पानांची असतात. छापखान्यात मोठा कागद छापून, घड्या घालून १६-१६ पानांचे फर्मे निघतात, त्यामुळे हा आकडा सोयीचा पडतो. डब्यात मात्र एकच पान मावतं. रात्री पुस्तक वाचून झालं की विचारा, ‘उद्या कुठलं पान हवं?’ मुलं बऱ्याचदा आपल्या लक्षातही न आलेल्या वस्तूवर बोट ठेवतात. कोपऱ्यातली बादली, दोरीवर वाळत घातलेला एकच मोजा. तीच घ्या. मोजा कापायला अस्वलापेक्षा पुष्कळ सोपा असतो, हा आपला फायदा.

दिवा लागलेली खिडकी

रात्रीचं चित्र नसलेलं पुस्तक शोधावं लागेल, म्हणून हाच डबा सविस्तर सांगतो. ब्रेडचे दोन स्लाइस घ्या. सुरीने दोन्हींचे वरचे कोपरे तिरके कापा, छप्पर तयार. आता फक्त वरच्या स्लाइसला चौकोनी साच्याने दोन खिडक्या पाडा. साचा दाबून लगेच उचलू नका, जागच्या जागी किंचित फिरवा, म्हणजे कडा फाटत नाही. खालच्या स्लाइसला लोणी लावा, त्यावर काकडीच्या पातळ चकत्या, त्यावर पिवळं चीज, आणि मग खिडक्यांचा स्लाइस. चीज खिडकीतून पिवळं दिसतं आणि घरात दिवा लागतो. लोणी चवीसाठी आहेच, पण काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू नये म्हणूनही ते हवं. कापून निघालेल्या तुकड्यांपैकी एक छपरावर धुराड्यासारखा टेकवा, दुसरा करणाऱ्याने खावा.

घराशेजारी वाफवलेल्या ब्रोकोलीची झाडं दाटीवाटीने उभी करा. शोभा होतेच, पण मोकळी जागाही भरते. दप्तरात डबा उभा, आडवा, उलटा कसाही जातो आणि जिथे पोकळी असेल तिथे चित्र घसरतं. झाकण लावून डबा एकदा हलकेच हलवून बघा. आतून काही सरकल्याचा आवाज आला तर अजून दोन झाडं लावा.

मुलाला चेहराच हवा असेल तर डोळे मिटलेले करा, दोन वाकड्या रेघांत काम होतं. काळ्या रंगासाठी नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, वापरतात. तो ओलाव्याने आक्रसतो, म्हणून आधी चीजवर चिकटवा आणि मग चीजसकट कापा.

रंग घरातलेच

जांभळा कोबी पाण्यात उकळा. त्या जांभळ्या पाण्यात लिंबाचे थेंब टाकले की गुलाबी होतं, खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली की निळं. हे मुलांसमोर करा, त्यांना डब्यापेक्षा यातच जास्त मजा वाटते. निळ्या पाण्यात भात थोडा वेळ ठेवला की समुद्र तयार. सोडा खरंच चिमूटभरच, नाहीतर समुद्राला साबणाची चव येते. बीट मात्र शेजाऱ्याला रंगवल्याशिवाय राहत नाही, त्याला वेगळा कप्पा द्या. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात पाचेक मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन घ्या.

इथे हयगय नको

५ वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार तुकडे करूनच द्या. गोल, गुळगुळीत घास घशात घट्ट बसतो. अख्खे दाणे, पॉपकॉर्न आणि टोकदार काड्या त्यांच्या डब्यात नकोत. कच्च्या गाजराच्या कडक चकत्याही नकोत. गाजर अर्धवट वाफवून मग साच्याने कापा. तुमच्या तळहातालाही तेच बरं.

गरम अन्नावर झाकण लावू नका. वाफेचं पाणी होऊन चित्रावर गळतं आणि अन्न कोमट राहून लवकर बिघडतं. भात, अंडं, चीज असे पदार्थ साध्या हवेत २ तासांपेक्षा जास्त राहणार असतील, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त, तर सोबत बर्फाची थंड पिशवी हवीच. रात्रीचा भात वापरायचा तर शिजवल्यावर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवलेलाच घ्या. चित्र करताना अन्नाला हात फार लागतो, म्हणून हात स्वच्छ धुवा किंवा भात प्लास्टिकच्या पातळ कागदात धरून वळा.

न आवडणारी भाजी चित्रात लपवू नका. मुलं ती शोधून काढतात आणि मग पुढच्या डब्याकडेही संशयाने बघतात. भाजी उघडपणे ठेवा, एकच लहान तुकडा, घराच्या दारातली पायरी म्हणून. नवी चव आपलीशी व्हायला कधी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. पायरी परत आली तर काही बोलू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवा.

साच्यांची निगा

साचे वापरल्यावर लगेच हाताने धुवा, चीज वाळलं की कोपऱ्यांतून निघत नाही. त्यासाठी जुना मऊ ब्रश ठेवा. पुसून, कोरडे करून ठेवा. धारेची बाजू खरी धारदार आहे. मुलांना साचा दाबायला द्यायचा तर गुंडाळलेली जाड कड वर आहे ना, ते आधी बघा. साचा वाकला तर पक्कडीने सरळ करायला जाऊ नका, कडा चिरते. आमच्याकडे आणून द्या, बदलून देऊ.