आकडा कमी, म्हणून हिंसा कमी?

डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, पोलंडमध्ये १९. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, असं सांगणाऱ्या स्त्रियांचं हे प्रमाण. युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेनं २८ देशांतल्या सुमारे ४२,००० स्त्रियांशी बोलून ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. स्त्री-पुरुष समानतेत डेन्मार्कचं नाव कायम वरच्या देशांत असतं. मग तिथेच हिंसा एवढी कशी?

एक मोठं कारण असं, की पाहणीत मोजली जाते ती सांगितलेली हिंसा. नवऱ्याच्या मारहाणीविषयी जिथे उघड बोलता येतं, तिथे ‘हो’ म्हणणाऱ्या जास्त. जिथे ती घरातली बाब समजली जाते, तिथे परक्या माणसापुढे तोंड मिटलेलंच राहतं. आणि तक्त्यात त्या मौनाची नोंद ‘हिंसा नाही’ अशी होते.

समानतेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांची खरी कसोटी इथे लागते. लिथुआनियाच्या राजधानीतली, विल्निअसमधली युरोपियन इन्स्टिट्यूट फॉर जेंडर इक्वॉलिटी ही युरोपियन युनियनची संस्था २०१३ पासून सदस्य देशांना समानतेसाठी १ ते १०० या पट्टीवर मोजते. काम, पैसा, ज्ञान, वेळ, सत्ता आणि आरोग्य ही तिची क्षेत्रं. हिंसेचा विचार ही संस्था करते, पण एकूण गुणांत हिंसेला धरत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पगारात स्त्री-पुरुषांमधलं अंतर मिटवायचं असतं. हिंसा मात्र दोघांत सारखी करायची नसते, संपवायचीच असते.

पगाराचं अंतरही फसवं. इटलीत ते युरोपच्या सरासरीहून बरंच कमी दिसतं. पण तिथे कमी शिकलेल्या अनेक स्त्रिया नोकरीतच नाहीत. ज्यांना तुटपुंजा पगार मिळाला असता, त्या हिशेबात येतच नाहीत आणि उरलेल्यांची सरासरी वर जाते. घरकामाचे तास मोजायला तर लोकांकडून दिवसभराची नोंदवही भरून घ्यावी लागते. ते खर्चिक, म्हणून दोन पाहण्यांमध्ये कित्येक वर्षं जातात.

विल्निअसच्या संस्थेला कुठल्याही सरकारला आदेश देता येत नाही. तिच्या हाती आकडे आणि त्यांचा अर्थ, एवढंच. म्हणून तो अर्थ चुकता कामा नये. हेल्पलाइन सुरू झाली, पोलिस तक्रार नीट लिहून घेऊ लागले, की नोंदलेले गुन्हे वाढतात आणि परिस्थिती बिघडल्याची ओरड होते. अशा वेळी तक्रारींच्या आकड्याशेजारी, तेच प्रश्न ठरावीक वर्षांनी विचारणारी पाहणी हवी. दोन्ही आकडे चढले, तर काळजी करायला हवी. तक्रारी वाढल्या आणि पाहणीतला आकडा जागेवर राहिला, तर पूर्वी घरात गप्प बसणाऱ्या स्त्रिया आता ठाण्यापर्यंत पोचू लागल्या असण्याची शक्यता मोठी.