छताचे अस्तर बदलणे (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या पत्र्याच्या छताला आतून जो साच्यातला पुठ्ठा बसवलेला असतो, तो आणि त्यावर चिकटवलेले कापड मिळून छताचे अस्तर होते. सीट कव्हरच्या दुकानांत त्याला नुसते ‘रूफ’ किंवा ‘रूफ लायनिंग’ म्हणतात. कापड पुठ्ठ्यापासून सुटून खाली लोंबू लागले की गाडीला पोट सुटल्यासारखे दिसते. मागच्या सीटवरच्या उंच माणसाच्या डोक्याला ते लागते आणि आरशातून मागची काचही दिसेनाशी होते. दोन माणसे आणि एक मोकळा दिवस हाताशी असेल, तर ते घरी बदलता येते.

जुन्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत असा पुठ्ठा नसे. आडव्या लोखंडी तारांवर कापड किंवा रेक्झिन ओवून त्याच्या कडा चहूबाजूंनी ताणून बसवत. आताच्या गाड्यांत दाबलेल्या तंतूंचा, काचतंतूंचा किंवा कडक फोमचा साचा असतो. त्यावर साधारण ३ मिलिमीटर जाडीचा मऊ पॉलियुरेथेन फोम आणि फोमवर विणीचे पॉलिएस्टर कापड येते. कापड आणि फोम एकमेकांना जोडलेलेच बाजारात मिळतात.

कापड सुटले की दोष चिकटवायच्या सोल्युशनला दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोषी असतो तो मधला फोम. उष्णता, हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन यांनी पॉलियुरेथेन हळूहळू तुटत जातो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीतली हवा त्याहून कितीतरी तापते आणि पत्र्याला टेकलेला पुठ्ठा आणखी. त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा येते. लिंबाच्या सावलीत उभी राहणारी गाडी आणि तहसील कार्यालयाबाहेर दिवसभर तापणारी गाडी एकाच वर्षीच्या असल्या, तरी त्यांच्या छतांचे वय सारखे नसते. लोंबलेले कापड बोटाने दाबून सोडले आणि खांद्यावर पिवळट-तपकिरी भुकटी पडली, तर फोम संपला असे समजावे. मग कापडातून सुई टोचून सोल्युशन सोडणे, टाचण्या मारणे हे उपाय चार दिवसांचे, कारण चिकटवायचे ते भुकटीला.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढतात. मग सनव्हायजर, धरायच्या मुठी, आतला दिवा, खांबांवरची प्लास्टिकची आवरणे आणि दारांचे रबरी बीडिंग निघते. प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, म्हणून पाच-सहा जादा आणून ठेवाव्यात. सीट मागे पाडून पुठ्ठा हॅचबॅकच्या डिकीच्या दारातून किंवा सेडानच्या पुढच्या दारातून तिरका करून बाहेर घेतात. इथे दुसरा माणूस लागतोच. पुठ्ठा एकदा मधून मोडला की ती घडी नव्या कापडातूनही दिसते.

बाहेर काढलेला पुठ्ठा ठेवायला गावाकडची बाज उत्तम: कमरेइतकी नसली तरी जमिनीपेक्षा उंच, आणि पुठ्ठ्याच्या बाकाला नवारीचा झोळ आपोआप आधार देतो. जुने कापड एका ओढीत निघून येते, पण फोमचा थर मागे राहतो. तो नायलॉनच्या ब्रशने, पुठ्ठ्याचे पापुद्रे न उचलता, घासून काढायचा असतो. तोंडाला रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा हवा; भुकटी फार बारीक असते. तळहात फिरवल्यावर हाताला रंग लागेनासा होईपर्यंत घासावे. कामाचा निम्मा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. घरी केलेले अस्तर वर्षभरात पुन्हा सुटते ते बहुधा इथल्याच घाईमुळे.

चिकटवायला सिंथेटिक रबरचे, उष्णता सोसणारे सोल्युशन घेतात. कागद-पुठ्ठ्यासाठीचा पांढरा गोंद किंवा साधा स्प्रे पहिल्या उन्हाळ्यातच सोडतो. कापड पुठ्ठ्यावर अंथरून अर्धे उलटे दुमडायचे, पुठ्ठ्याला आणि कापडाच्या फोमच्या बाजूला सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतके सुकू द्यायचे. मग मधून कडेकडे तळहाताने दाबत जायचे; दिव्याच्या आणि सनव्हायजरच्या खोलगट जागा आधी बसवून मग पुढे सरकायचे. अर्धे झाले की दुसरे अर्धे. मे महिन्यातल्या दुपारी सोल्युशन ब्रशवरच सुकते, श्रावणातल्या झडीत ते सुकता सुकत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर, नाहीतर दिवाळीनंतर हे काम काढलेले बरे. सोल्युशनची वाफ पेट घेते आणि डोके जड करते, त्यामुळे उघड्या ओसरीवर किंवा गच्चीवर बसावे आणि जवळ बिडी-काडी नको.

कडेला दोन-तीन सेंटिमीटर कापड मागे दुमडतात आणि भोकांच्या जागी फुलीसारखा छेद देतात. फोम नसलेले नुसते कापड स्वस्त पडते, पण त्यातून पुठ्ठ्याची प्रत्येक खरड आणि सोल्युशनचे डाग दिसतात. कापड ताणले जाणारे हवे. छत्रपती संभाजीनगरचा हिमरू छताला लावायची हौस कुणाला वाटेलही. पण तो मागावर विणलेला, अंगाने न ताणला जाणारा, आणि खोलगट जागी त्याच्या चुण्याच पडतील. जिथे साचाच नसतो, तिथे गोष्ट वेगळी. काळीपिवळी जीपच्या छताला बटणे टाचून गादीसारखे फुगवलेले रेक्झिन लावतात, ते काम कुशनवाल्याचे.

छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेली गाडी मात्र घरी उघडू नये. पुठ्ठा किंवा खांबांची आवरणे चुकीची बसली, तर एअरबॅगची वाट अडते. सनरूफ असेल, तर कापडावर कोपऱ्यात तपकिरी डाग आहे का, हे आधी पाहावे. असेल, तर सनरूफचे पाणी खाली नेणाऱ्या नळ्या बहुधा धुळीने बुजलेल्या असतात. त्या मोकळ्या न करता अस्तर बदलले, तर मृगाच्या पहिल्या सरीला तोच डाग नव्या कापडावर त्याच कोपऱ्यात उमटतो.